बोटीतलं टेबल

घरातलं जेवणाचं टेबल बदलणं ही काही फार मोठी गोष्ट नव्हे. दुकानात जावं, पसंत पडेल ते घ्यावं, टेम्पोत घालून आणावं आणि जुनं कुणाला तरी देऊन टाकावं. फार तर चार खुर्च्यांचं घ्यायचं की सहा, यावर नवरा-बायकोत दोन दिवस कुरबुर व्हावी. पण इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहणाऱ्या एका मराठी जोडप्याला एक टेबल बदलायला तब्बल वीस महिने लागले. टेबल तरी केवढं? ४० इंच लांब आणि २६ इंच रुंद. मात्र ते घरात नव्हतं, त्यांच्या शिडाच्या बोटीत होतं.

डॉक्टर मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावचे. १९७४ साली ते इंग्लंडला गेले आणि पुढे तिथल्याच एका लहान गावात त्यांनी फॅमिली डॉक्टर म्हणून आयुष्य काढलं. पत्नी शाळेत गणित शिकवायच्या आणि रविवारी मराठी मुलांना बाराखडी. त्यामुळे ओळखीतले सगळे त्यांना 'बाई'च म्हणत. दोन मुलं, थोरला मुलगा आणि धाकटी मुलगी. १९८७ साली, मुलगा अकरा वर्षांचा आणि मुलगी सात वर्षांची असताना, डॉक्टरांनी एक जुनी बोट विकत घेतली. बाईंना तेव्हा पोहताही येत नव्हतं.

बोट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक तर भाऊच्या धक्क्यावरची लाँच येते, नाहीतर सिनेमातल्या शेटजींची पांढरीशुभ्र यॉट. ही त्यातली कुठलीच नव्हे. 'वेस्टर्ली सेंटॉर' नावाची ही २६ फुटी बोट इंग्लंडमध्ये १९६९ पासून १९८० पर्यंत बनत होती आणि त्या काळात अशा चोवीसशेहून अधिक बोटी पाण्यात उतरल्या. फायबरग्लासची, दिसायला काहीशी ठेंगणी, पण पगारदार माणसाला परवडणारी. तिचं वैशिष्ट्य असं, की तळाला मधोमध एका पात्याऐवजी दोन बाजूंना दोन जड पाती आहेत. ओहोटीला पाणी उतरलं की बोट कुशीवर न पडता या दोन पायांवर चिखलात सरळ उभी राहते. डॉक्टरांची बोट चिचेस्टर बंदराच्या वरच्या टोकाला, एम्सवर्थला असायची. तिथे ओहोटीला पाणी असं उरतच नाही, नजर जाईल तिथवर चिखल. खाडीकाठी वाढलेल्या माणसाला त्यात काही वावगं वाटलं नसणार.

या बोटीच्या पोटात एक खोली आहे. खोली म्हणायचं एवढंच. अख्ख्या बोटीची रुंदी बाहेरून मोजली तरी साडेआठ फुटांच्या आत. पुढच्या टोकाला दोन बिछाने, त्यांच्या अलीकडे संडास, मग ही खोली. मध्ये चालायची चिंचोळी वाट. वाटेच्या एका अंगाला स्वयंपाकाचा ओटा, दुसऱ्या अंगाला समोरासमोर दोन बाकं आणि त्यांच्यामध्ये टेबल. परदेशी आगगाडीच्या डब्यात असतं ना, अगदी तसंच. आतल्या जागेवर बसायचं तर बाक आणि टेबल यांच्यामधून गुडघे वाकवून, अंग चोरून सरकत जायचं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं अडचणीचं टेबल त्यांनी पहिल्या वर्षीच का नाही कापलं? कारण ते नुसतं जेवायचं टेबल नव्हतं. त्यावर समुद्राचा नकाशा पसरायचा. त्याच्या चारही कडांना इंचभर उंचीची पट्टी होती, म्हणजे बोट एका बाजूला कलली तरी ताटल्या मांडीवर येत नाहीत. कोपऱ्यांत ही पट्टी मुद्दाम तोडलेली असते, नाहीतर सांडलेला भात पुसून काढायला जागाच राहत नाही. आणि मुख्य म्हणजे रात्री त्याचा पलंग व्हायचा. टेबलाचा एकुलता एक पाय उपसून काढायचा आणि फळी खाली उतरवायची. ती दोन्ही बाकांच्या कडांवर नेमकी टेकते. वर पाठीच्या गाद्या अंथरल्या की दोघांची झोपायची सोय झाली. म्हणून त्या टेबलाची रुंदी ही कुणाच्या आवडीची गोष्ट नव्हती. दोन बाकांमधलं अंतर तेवढी ती रुंदी. दोन इंचांनी जरी ती कमी केली, तरी फळी मधून खाली पडणार.

त्या फळीवर दोन्ही मुलं झोपायची. सात-आठ उन्हाळे असेच गेले. कधी आईल ऑफ वाइटच्या बेंब्रिजला, कधी न्यूटाउनच्या खाडीत नांगर टाकून आणि तीनदा थेट समुद्र ओलांडून फ्रान्सच्या शेरबुर्गला. हे अंतर साठ-सत्तर सागरी मैलांचं. ही बोट ताशी पाच मैल चालली तर खूप झालं, म्हणजे पहाटे निघून अंधार पडेपर्यंतचा प्रवास. बाईंनी पहिल्याच वर्षी घरून प्रेशर कुकर आणला. आजूबाजूच्या बोटीवाल्यांना त्या शिट्टीची गंमत वाटायची, पण झाकण घट्ट बसणाऱ्या भांड्याइतकं हलत्या बोटीत दुसरं सुरक्षित भांडं नाही, हे त्यांच्यातल्या जाणत्यांनाही माहीत होतं. खिचडी, पिठलं, भात, सगळं त्याच टेबलावर व्हायचं. पोहायलाही बाई त्याच काळात शिकल्या, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी.

मग व्हायचं ते झालं. मुलगा शिकायला गेला तो नोकरी लागून कॅनडात स्थायिक झाला. मुलगी लग्न होऊन लीड्सला गेली. डॉक्टर २००९ साली निवृत्त झाले. त्यानंतर दोघंच बोटीवर जात आणि खरं सांगायचं तर पूर्वीपेक्षा जास्त जात. टेबल मात्र चौघांचंच होतं. दोघं समोरासमोर बाहेरच्या कडेला बसत आणि आतल्या दोन जागांवर वर्तमानपत्रं, स्वेटर, औषधांचा डबा असं सामान साचत जाई. रिकामी जागा कुठलीही असो, सामान तिला शोधून काढतंच.

२०१६ च्या हिवाळ्यात बाईंच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, सांधा बदलला. चालायला लागल्या, जिने चढायला लागल्या, पण पूर्वीसारखा गुडघा दुमडेना. बाकावर आत सरकणं बंद झालं. बाहेरच्या कडेला बसायचं तर टेबलाचा पाय नेमका तिथेच, पाय लांब करायला जागा नाही. रात्री संडासला जाताना त्या चिंचोळ्या वाटेवर टेबलाचा कोपरा बरोबर कमरेच्या उंचीवर पुढे आलेला. बाईंनी त्याबद्दल दोन-तीनदा सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "बघू या, कोपऱ्याला रबर लावू." रबर लावलंही.

२०१७ च्या ऑगस्टमध्ये दोघं बेंब्रिजहून परत येत होते. ओहोटीचा प्रवाह एकीकडे आणि वारा नेमका त्याच्या उलट, अशा वेळी समुद्र खळखळू लागतो. लाटा जवळजवळ आणि उभ्या होतात. बाई चहा करायला खाली उतरल्या. त्यातच एका मोठ्या जहाजामागून आलेल्या लाटा आडव्या आदळल्या. बोट आधी एका अंगावर गेली, मग एकदम दुसऱ्या. बाई ओट्यापासून सुटून टेबलाच्या कोपऱ्यावर आपटल्या. रबर होतं म्हणून कातडी फाटली नाही, बरगडी मात्र मोडली.

बरगडीला प्लास्टर घालता येत नाही, हे डॉक्टरांनी शेकडो रोग्यांना सांगितलं होतं. वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या, दुखलं तरी खोल श्वास घेत राहायचा आणि सहा आठवडे वाट पाहायची. ते सहा आठवडे त्यांच्या घरात फार कमी बोलणं झालं. सातव्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "अहो, ते टेबल लहान करा. नाहीतर मी काही आता बोटीवर यायची नाही."

डॉक्टर हट्टी नव्हेत. पण हे ऐकल्यावर त्यांनी एकामागून एक अडचणी काढायला सुरुवात केली. नकाशा कुठे पसरायचा? बाई म्हणाल्या, नकाशा आजवर तरी कुठे उलगडून मावत होता, अर्धा दुमडूनच ठेवत होतात की! लहान टेबल लेचंपेचं होईल. मग भक्कम करा. जुन्या बोटीची मूळ रचना बिघडते, विकताना किंमत येत नाही. "विकायची आहे का?" नाही. शेवटी खरी गोष्ट बाहेर आली. "मुलं आली तर झोपतील कुठे?"

"कधी आली होती शेवटची?" बाईंनी विचारलं. मुलगी २००४ मध्ये, मुलगा २००८ मध्ये. तारखा दोघांनाही पाठ होत्या.

खरं म्हणजे इथे दोघं दोन वेगळ्याच गोष्टींबद्दल बोलत होते. बाईंना म्हणायचं होतं, की टेबल लहान झालं तर मला आणखी दहा वर्षं तुमच्याबरोबर येता येईल. डॉक्टरांना ऐकू येत होतं, की मुलं आता यायची नाहीत, ते मान्य करा. एकाच वाक्याचे असे दोन अर्थ चाळीस-चाळीस वर्षांच्या संसारातही निघतात आणि दोघांपैकी कुणीच 'म्हणजे काय?' असं विचारत नाही. तो हिवाळा तसाच गेला. २०१८ च्या उन्हाळ्यात डॉक्टर एकटेच बोटीवर जाऊन आले. चार वेळा गेले आणि चारही वेळा संध्याकाळी घरी परतले. बाईंनी पाण्याची बाटली आणि डबा भरून दिला, सोबत काही गेल्या नाहीत.

यात एक गंमतही आहे. पस्तीस वर्षं हे डॉक्टर म्हाताऱ्या रोग्यांच्या घरी जाऊन सांगत आले होते, की आजी, हा सुटा गालिचा आधी उचला, संडासच्या वाटेवर दिवा लावा, पडायला निमित्त लागत नाही. म्हाताऱ्या ऐकायच्या नाहीत. गालिचा कुणी तरी दिलेला असायचा.

त्या वर्षीच्या सप्टेंबरात त्यांनी बोटशाळेतल्या एका सुताराला विचारलं. लाकूड कुठलं, जाडी किती, असे प्रश्न येतील या तयारीने ते गेले होते. सुताराने पहिलंच विचारलं, "यावर पडणार कोण आहे?" डॉक्टरांना काही कळेना. तो म्हणाला, बोटीत प्रत्येक वस्तूवर कधी ना कधी माणूस पडतो. टेबल असं हवं की माणूस पडला तर टेबल मोडू नये आणि माणूसही मोडू नये. घरातल्या टेबलावर फक्त ताटांचं ओझं असतं, इथे सबंध माणसाचं वजन धडकणार, हे धरूनच काम करायचं.

त्या संध्याकाळी डॉक्टरांनी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला. हा उपाय कुणीही करून पाहावा असा आहे. आधी ३४ इंच लांबीचा तुकडा केला, चिकटपट्टीने जुन्या टेबलाच्या जागी बसवला आणि मग बाईंना बोलावून आणलं. "अगं, जरा बसून बघ." बाई पहिल्यांदाच वर्षभरानंतर बोटीत उतरल्या होत्या. बोट तेव्हा ओहोटीत चिखलावर उभी होती, हलत नव्हती. बाईंनी बसून पाहिलं, उठून पाहिलं, डोळे मिटून संडासपर्यंत जाऊन पाहिलं. मग पेन्सिल मागितली आणि पुठ्ठ्यावर रेघ मारली. गणिताच्या शिक्षिका त्या! ३४ चे ३० झाले आणि २६ चे १८. कोपरे सरळ नकोत, गोल हवेत. त्यासाठी त्यांनी ओट्यावरची बशी उपडी ठेवून रेघ काढली. पाय बाहेरच्या टोकाला नको, आठ इंच आत. आणि सर्वांत शेवटी सांगितलं, की वाटेच्या कडेला धरायला काहीतरी उभं हवं. कारण इतकी वर्षं येता-जाता हात आपोआप त्या टेबलाच्या कडेवरच जायचा. ती कड आपटायची आणि आधारही द्यायची. ती काढली तर हात कुठे जाणार, हे डॉक्टरांच्या लक्षातच आलं नव्हतं.

हिवाळ्यात काम झालं. बोटीसाठीचं मरीन प्लायवुड आपल्या नेहमीच्या प्लायपेक्षा महाग, कारण त्याच्या थरांमध्ये पोकळी ठेवत नाहीत आणि गोंद पाण्याने सुटणारा नसतो. तरीही कापलेली कड उघडी राहिली की पाणी तिथूनच शिरतं. म्हणून कडांना इपॉक्सीचे तीन हात दिले, वर सागाची पट्टी लावली. स्क्रू ३१६ जातीच्या स्टेनलेस स्टीलचे, कारण खाऱ्या हवेत साध्या स्टीललाही डाग पडतात. पाय म्हणून जाड नळी, तिला जमिनीत पक्की खाच. टेबलाची आतली कड बोटीच्या अंगाला दोन मजबूत ब्रॅकेटनी जखडली. शिवाय वाटेच्या कडेला जमिनीपासून छतापर्यंत एक गोल लाकडी दांडा उभा केला, बाईंच्या मुठीच्या मापाने. मूठ मोजायला डॉक्टरांनी लाटणं वापरलं, ते मात्र जरा जाडच निघालं. सगळं घट्ट झाल्यावर ते स्वतः, ७१ वर्षांचे आणि ७८ किलोंचे, टेबलावर आडवे पडले. टेबल हललं नाही.

मुलांना फोनवर सांगायचं काम डॉक्टरांनी स्वतःकडे घेतलं. मुलीला वाईट वाटेल, म्हणून आधी तिला. ती पलीकडे हसलीच. "बाबा, खरं सांगू? मला त्या फळीवर कधी झोपच लागली नाही. मधली गादी सरकायची, दादा लाथा मारायचा आणि पहाटे छतावरून पाणी टपकायचं. तुम्ही दोघं इतके खूश असायचात, म्हणून काही बोलले नाही." फायबरग्लासच्या बंद खोलीत चार माणसं झोपली की रात्रभराच्या श्वासांची वाफ थंड छताला लागते आणि तिचं पाणी होतं, हे खरंच. पण बाबांना हे तीस वर्षांनी कळलं.

मुलाकडून काहीच अपेक्षा नव्हती. महिन्यातून एकदा फोन करणारा, मोजकं बोलणारा मुलगा. त्याने ऐकून घेतलं, जरा वेळ थांबला आणि म्हणाला, "मग मी आलो की कुठे झोपायचं?"

डॉक्टरांना काय बोलावं सुचेना. फोन बाईंनी घेतला. "तू तारीख कळव रे. जागा करतो."

दुसऱ्याच दिवशी डॉक्टर उरलेलं प्लायवुड घेऊन बसले. टेबल लहान झालं तरी दोन बाकांमधलं अंतर तेवढंच होतं. तेवढ्या मापाच्या दोन सुट्या फळ्या केल्या, खालून आडव्या पट्ट्या ठोकल्या. टेबल काढून या फळ्या टाकल्या की पलंग होणार. इतकं सोपं होतं, तर आधी का सुचलं नाही, असं कुणी विचारेल. सुचलं होतं. पण बोटीत वस्तू करणं सोपं, ती ठेवायची कुठे हा प्रश्न अवघड. बाईंनी तेवढंच विचारलं, "ठेवणार कुठे?" पुढच्या बिछान्याखाली ठेवल्या, तर नांगराच्या दोरापर्यंत हात पोचेना. मागच्या कप्प्यात ठेवल्या, तर इंजिनाचं झाकण उघडेना. उन्हाळाभर त्या फळ्या बोटीत इकडून तिकडे फिरल्या आणि सप्टेंबरात घराच्या शेडमध्ये गेल्या.

त्या २०१९ च्या उन्हाळ्यात बाई अकरा वेळा बोटीवर गेल्या. न्यूटाउनच्या खाडीत दोन रात्री राहिल्या. लहान टेबलावर दोन ताटल्या, एक पाण्याचा तांब्या आणि लोणच्याची बाटली एवढंच मावतं. कुकर ओट्यावरच ठेवावा लागतो आणि वाढायला उठावं लागतं. आता वाढायला डॉक्टर उठतात. जुन्या टेबलाची फळी त्यांनी टाकली नाही. ती गॅरेजात कामाच्या बाकावर बसवली आहे आणि तिची कडेची पट्टी स्क्रू घरंगळू नयेत म्हणून उपयोगी पडते.

मुलगा आला तो २०२२ च्या जुलैमध्ये, आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन. डॉक्टरांनी आदल्या दिवशी शेडमधून फळ्या काढल्या, पुसल्या, बोटीत नेऊन टाकल्या, वर गाद्या घातल्या. नातवाला पुढचा बिछाना दिला आणि बाप त्या फळ्यांवर झोपला. सहा फुटी माणूस तो, पाय ओट्यापर्यंत आले. सकाळी कंबर धरून उठला, दांड्याला धरून उभा राहिला आणि आईने दिलेला चहा उभ्यानेच प्यायला. दुसऱ्या रात्री तो किनाऱ्यावरच्या एका खानावळीच्या वरच्या खोलीत झोपायला गेला. नातू मात्र आजी-आजोबांबरोबर बोटीतच राहिला. रात्री जेवताना तिघं त्या टेबलाशी बसले, तर तिसऱ्या ताटलीला जागा होईना. नातवाने ती मांडीवर घेतली.

फळ्या पुन्हा शेडमध्ये आहेत.